गाठ आतून मेली म्हणजे आजार मेला का?

यवतमाळ जिल्ह्यातील एका शिक्षकांनी आपल्या आईंच्या आजाराविषयी दोन प्रश्न विचारले आहेत. आईंच्या उजव्या स्तनात पोळ्याच्या सुमारास सुपारीएवढी गाठ होती. दिवाळीनंतर ती झपाट्याने वाढली, वरची कातडी काळी पडून फुटली आणि आता तिथून घाण वासाचे पाणी येते. बायोप्सीच्या अहवालात कॅन्सरचे निदान असून त्याखाली ‘गाठीत मोठ्या प्रमाणावर नेक्रोसिस’ असा शेरा आहे, आणि डॉक्टरांनी त्याचा अर्थ ‘आतला बराच भाग मेलेला आहे’ असा सांगितला. घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की गाठ आपोआप मरतच असेल तर ती पिकून पडून जाऊ द्यावी, नागपूरच्या चकरा कशाला मारायच्या? दुसरीकडे त्यांना कुणीतरी असेही सांगितले आहे की मेलेल्या पेशींमुळेच कॅन्सर पसरतो, त्यामुळे पेशी मारणारी केमोथेरपी घेऊच नये.

मी गेली सव्वीस वर्षे विदर्भात पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे गाठींचे नमुने तपासून निदान करणारी डॉक्टर, म्हणून काम करते आहे आणि हे दोन्ही प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत अनेकदा ऐकले आहेत. दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. गंमत अशी की दुसऱ्या प्रश्नात जी भीती आहे तिच्यात शास्त्रीय तथ्याचा एक अंश आहे, पण तो अंश घरच्यांनी चुकीच्या जागी लावला आहे. मेलेला भाग आजार पसरायला हातभार लावतो हे खरे. मात्र ते प्रामुख्याने उपचार न घेता आपोआप सडत चाललेल्या गाठीला लागू पडते.

आधी ‘पिकण्या’विषयी. आपल्याकडे गळू पिकते, फुटते आणि बरे होते, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे, आणि गळवाच्या बाबतीत तो बरोबरही आहे. गळवात बाहेरून आलेले जंतू असतात, त्यांच्याशी लढताना पांढऱ्या पेशी मरतात, त्याचा पू होतो आणि पू वाहून गेला की आजाराचे कारणच शरीराबाहेर जाते. कॅन्सरच्या गाठीत मेलेला भाग म्हणजे पू नव्हे. तो त्या गाठीचाच उपाशी राहून मेलेला तुकडा असतो, आणि त्याच्या भोवती जिवंत पेशींचे कडे वाढतच असते. कातडी फुटून पाणी येऊ लागले म्हणून गाठीची मुळे सुटत नाहीत. जवसाच्या पोटिसाने किंवा बिब्बा घालून ती ‘पिकवण्याचा’ प्रयत्न केला तर वरची धड कातडीही भाजून निघते. बिब्ब्याने भाजलेली अशी छाती मी पाहिलेली आहे. जखम गाठीपेक्षा मोठी झाली होती आणि शस्त्रक्रियेनंतर टाके घालायला निरोगी कातडी शोधावी लागली होती.

शस्त्रक्रियेत काढलेली अशी गाठ आमच्या टेबलावर येते तेव्हा मी ती मधोमध कापते. बाहेरचा भाग पांढरट आणि टणक असतो. कच्च्या पेरूवर सुरी चालवताना जशी किरकिर जाणवते तशीच ती इथे हाताला जाणवते. आत गेले की सुरी अचानक सैल पडते. मधला गाभा सरकीच्या भिजवलेल्या ढेपेसारखा पिवळट करडा असतो आणि बोट लावले तर सुटा होतो. या दोहोंच्या मध्ये एक अरुंद, लालसर पट्टा दिसतो. शेताला जसा धुरा असतो तसा हा जिवंत आणि मेलेल्या भागांमधला धुरा आहे, आणि माझ्या मते साऱ्या गाठीत सर्वांत जास्त लक्ष देण्याजोगी जागा तीच आहे.

गाठ आतून का मरते? प्राणवायू रक्तवाहिनीतून बाहेर पडून पेशींपर्यंत पाझरत जातो, आणि या पाझरण्याला मर्यादा असते. साधारण १०० ते २०० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या एक-दोन केसांच्या जाडीइतक्या अंतरापलीकडे तो पुरत नाही. १९५५ मध्ये थॉमलिन्सन आणि ग्रे या दोघांनी फुप्फुसाच्या कॅन्सरचे काप सूक्ष्मदर्शकाखाली मोजून दाखवले की रक्तपुरवठ्यापासून ठराविक अंतर ओलांडले की पेशी मेलेल्याच आढळतात. नहराच्या टोकाच्या शेताला पाणी पोहोचत नाही, तसाच हा प्रकार आहे. त्यात गाठीच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात, वाढत्या गाठीच्या दाबाने चेपल्या जातात, आणि त्यांत गुठळ्याही होतात. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील संशोधनात असे दिसले की न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी आपल्यातील डीएनएची जाळी बाहेर टाकून या बारीक वाहिन्या तुंबवतात, त्यामुळे गाठीचे भाग मरतात आणि त्याबरोबर आजाराचा प्रसारही वाढतो. म्हणजे गाठीतली मर ही नेहमी केवळ उपासमारीची नसते. कधी कधी आपल्याच संरक्षक पेशी तिला कारण ठरतात.

आता पेशी कशी मरते, हेही पाहावे लागेल, कारण सर्व मरणे सारखी नसतात. शरीरात रोज असंख्य पेशी ठरल्या क्रमाने मरतात. अशी पेशी आक्रसते, तिचे छोटे छोटे पुडके होतात आणि शेजारच्या पेशी किंवा भक्षक पेशी ते गिळून टाकतात. १९७२ मध्ये केर, वायली आणि करी यांनी या मरणाला ‘अपॉप्टोसिस’ असे नाव दिले. नेक्रोसिसमध्ये मात्र पेशी फुगते, तिचे आवरण फाटते आणि आतला सारा ऐवज बाहेर सांडतो. त्यात एचएमजीबी-१ हे एरवी पेशीच्या केंद्रात राहणारे प्रथिन असते, एटीपी हे पेशीचे ऊर्जाद्रव्य असते, डीएनएचे तुकडे असतात, यूरिक आम्ल असते आणि भरपूर पोटॅशियम असते. हे पदार्थ पेशीच्या आत असताना निरुपद्रवी असतात, पण बाहेर सापडले की शरीर त्यांचा अर्थ ‘इथे जखम झाली आहे’ असा लावते.

जखम झाली की शरीर काय करते, हे आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे. तिथे रक्तपुरवठा वाढतो, भक्षक पेशी येतात, साफसफाई होते, नव्या रक्तवाहिन्या फुटतात, कडेच्या पेशी आपली जागा सोडून सरकतात आणि खाच भरून काढतात. खुरप्याने कापलेले बोट याच क्रमाने भरून येते, आणि भरून आले की हे सारे थांबते. गाठीत ते थांबत नाही, कारण आत मर चालूच राहते. अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ मध्ये कॅन्सरच्या गाठीला कधीही न भरणाऱ्या जखमेची उपमा दिली ती यासाठीच. जखम भरण्यासाठी निसर्गाने दिलेली प्रत्येक सोय, म्हणजे नवी रक्तवाहिनी, सैल झालेला भोवताल आणि जागा सोडून सरकण्याची मुभा, ही त्या धुऱ्यावरच्या कॅन्सर पेशीला आयतीच मिळते.

त्या धुऱ्यावरच्या पेशी मेलेल्या नसतात, पण सुखातही नसतात. त्यांना प्राणवायू इतकाच मिळतो की जेमतेम जगता येते. अशा वेळी पेशीत एचआयएफ नावाचे प्रथिन साठते आणि ते कित्येक जनुके चालू करते; पेशींना प्राणवायूची कमतरता कशी कळते हे उलगडल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या जनुकांमुळे नव्या रक्तवाहिन्यांना बोलावणारे व्हीईजीएफ हे प्रथिन तयार होते, शेजारच्या पेशींना धरून ठेवणारी पकड सैल होते, आणि भोवतालची तंतुमय चौकट बदलणारे पदार्थ स्रवतात. शिवाय इथे एक निवडही चालू असते. १९९६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दिसले की प्राणवायू कमी असताना साध्या पेशी मरून जातात, पण बिघडलेल्या पेशीला मरणाचा हुकूम देणाऱ्या पी-५३ या जनुकातच बिघाड असलेल्या पेशी तग धरतात. ज्या शेतात सतत एकच तणनाशक मारले जाते तिथे शेवटी त्याला न जुमानणारे तणच उरते, हे कापूस किंवा सोयाबीन पिकवणाऱ्याला वेगळे सांगायला नको. त्यामुळे मेलेल्या गाभ्याच्या कडेला उरलेली पेशी ही बहुधा गाठीतल्या सर्वांत चिवट पेशींपैकी असते.

पसरण्यासाठी मात्र केवळ चिवटपणा पुरत नाही. पेशीला रक्तात किंवा लसिकेत शिरता आले पाहिजे. २०२३ मध्ये सिएटलच्या फ्रेड हचिन्सन कॅन्सर सेंटरमधील संशोधकांनी स्तनाच्या कॅन्सरच्या गाठी उंदरांच्या जातीतल्या मोठ्या प्राण्यांत, म्हणजे घुशीएवढ्या प्रयोगशाळेतील रॅटमध्ये वाढवून रक्तातल्या कॅन्सर पेशी मोजल्या. गाठीत मेलेला गाभा तयार होऊ लागतो त्याच सुमारास या पेशींची संख्या वाढते असे त्यांना आढळले. मेलेल्या भागाजवळच्या रक्तवाहिन्या फुगून रुंद झालेल्या होत्या आणि त्यांत कॅन्सर पेशींचे पुंजके होते. अँजिओपोएटिनसदृश-७ नावाचे एक प्रथिन गाठीच्या मधल्या भागात विशेष तयार होते. ते दाबून टाकले तेव्हा मेलेला भाग, रुंदावलेल्या वाहिन्या आणि रक्तातल्या पेशी हे तिन्ही कमी झाले. म्हणजे मेलेला गाभा आणि प्रसार हे केवळ योगायोगाने शेजारी आढळत नाहीत, त्यांच्यात कार्यकारण असू शकते. हे प्राण्यांवरचे काम आहे आणि त्यावरून माणसांसाठी औषध तयार झालेले नाही, हे मी मुद्दाम सांगते. कारण अशा बातम्या गावापर्यंत पोहोचेपर्यंत त्यांचे ‘नवे इंजेक्शन’ झालेले असते.

आणखी एक गोष्ट पोटॅशियमची. फुटलेल्या पेशींतून ते इतके सांडते की गाठीतल्या द्रवात त्याचे प्रमाण फार वाढते, आणि २०१६ मध्ये दाखवले गेले की त्यामुळे कॅन्सर पेशी मारू शकणाऱ्या टी-पेशी निष्प्रभ होतात. पहारेकरी जागेवर उभे असतात, पण त्यांचा हात उचलला जात नाही.

रक्तात शिरलेली प्रत्येक पेशी कुठेतरी रुजतेच असे नाही. १९७० मध्ये फिडलर यांनी किरणोत्सारी खूण केलेल्या कॅन्सर पेशी उंदरांच्या रक्तात सोडून पाहिले, तेव्हा एका दिवसानंतर त्यांपैकी जिवंत उरलेल्या पेशी एक टक्क्याच्याही कितीतरी खाली होत्या. इंग्लंडचे शल्यचिकित्सक स्टीफन पेजेट यांनी १८८९ मध्येच स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून म्हटले होते की बी सगळीकडे पडते, पण उगवते ते मानवणाऱ्या जमिनीतच. तेव्हा ‘नेक्रोसिस’ हा शब्द वाचून आजार सर्वत्र पसरलाच आहे असे धरून चालू नये. तो पसरला आहे का, हे तपासण्यांनी ठरते. शेऱ्यावरून एवढेच कळते की गाठ वेगाने वाढते आहे आणि वेळ दवडणे परवडणारे नाही. किडनीच्या कॅन्सरमध्ये तर रुग्णाचे पुढचे भवितव्य वर्तवण्याच्या एका रूढ गुणांकन-पद्धतीत गाठीतल्या नेक्रोसिसला वेगळे गुण दिलेले आहेत.

आता केमोथेरपीचा प्रश्न. मरणाऱ्या पेशी जिवंत पेशींना चिथावतात, ही गोष्ट जुनी आहे. १९५६ मध्ये रेवेझ यांनी किरणांनी मारलेल्या कॅन्सर पेशी थोड्याशा जिवंत पेशींत मिसळून प्राण्यांना टोचल्या, तेव्हा त्या थोड्या पेशी एकट्या टोचल्यापेक्षा जास्त जोमाने वाढल्या. २०११ मध्ये त्यामागची एक वाट सापडली: मरणाऱ्या पेशीतील कास्पेज-३ या विकरामुळे प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार होते आणि ते उरलेल्या पेशींना वाढीचा इशारा देते. ज्यांनी तुम्हाला ‘केमो घेऊ नका’ असे सांगितले त्यांच्यापर्यंत याचाच काही तरी सूर पोहोचला असावा. पण यातून निघणारा निष्कर्ष ‘पेशी मारू नका’ असा नाही, तर ‘अर्धवट मारून सोडू नका’ असा आहे. म्हणून केमोथेरपीची चक्रे ठरावीक अंतराने द्यायची असतात, म्हणून किरणोपचारांत लांबलचक खंड पडू द्यायचा नसतो. सोयाबीनच्या सोंगणीसाठी किंवा कापसाच्या वेचणीसाठी दोन चक्रे चुकवणारे रुग्ण मी पाहिले आहेत. शेताची अडचण मला कळते, पण ही चूक नंतर भरून काढता येत नाही.

शिवाय काही औषधांनी पेशी मरताना आपल्या पृष्ठभागावर कॅलरेटिक्युलिनसारख्या खुणा उघड करते. त्यामुळे रोगप्रतिकारक पेशी तिला ओळखतात आणि उरलेल्या कॅन्सरविरुद्ध त्यांची तयारी होते. म्हणजे मरण तेच, पण त्यातून निघणारा संदेश उलटा. म्हणून नेक्रोसिसचा शेरा उपचाराच्या आधीचा आहे की नंतरचा, हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लावू नये. हाडाच्या ऑस्टिओसार्कोमा या कॅन्सरमध्ये केमोथेरपीनंतर काढलेल्या गाठीत ९० टक्के किंवा त्याहून जास्त भाग मेलेला आढळला तर आम्ही तो उत्तम प्रतिसाद मानतो. केमोथेरपीनंतर स्तनात जिवंत कॅन्सर पेशी उरलीच नाही, तर तेही शुभचिन्ह. तुमच्या आईंचा शेरा उपचाराआधीचा आहे. त्यामुळे तो दिलासा नाही. तो घाई करण्याचे कारण आहे.

इथे माझीच एक चूक सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मानेवर गाठ असलेल्या एका शेतमजुराचा सुईने घेतलेला नमुना माझ्याकडे आला. काचपट्टीवर सगळा मेलेला चुरा होता, एकही धड पेशी नव्हती. मी ‘केवळ मृत पदार्थ, निदान शक्य नाही’ असे लिहिले आणि पुढच्या फायलीकडे वळले. घरच्यांनी त्याचा अर्थ ‘कॅन्सर निघाला नाही’ असा घेतला. शिवाय आपल्याकडे मानेतली गाठ म्हटले की आधी गंडमाळेचा, म्हणजे क्षयाचा विचार होतो, आणि क्षयातही गाठ आतून मरतेच. तीन-चार महिन्यांनी तो परत आला तेव्हा तोंड पुरते उघडत नव्हते. गालात खर्ऱ्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाच्या, सवयीतून झालेला कॅन्सर होता, आणि मानेतली गाठ ही त्याचीच पसरलेली शाखा होती. सुई गाठीच्या मधोमध गेली होती, धुऱ्यावर नाही. तेव्हापासून मी असा नमुना आला की फोन करून ‘कडेच्या टणक भागातून पुन्हा घ्या’ असे सांगते आणि अहवालात ‘यावरून कॅन्सर नाही असे ठरत नाही’ हे वाक्य न चुकता लिहिते. खर्रा खाणाऱ्याच्या मानेत आढळलेली आणि सीटी स्कॅनवर मधोमध काळसर दिसणारी गाठ ही आता मी वेगळे सिद्ध होईपर्यंत कॅन्सरचीच मानून चालते.

सुईमुळे कॅन्सर पसरतो ही समजूतही इथेच बाजूला ठेवावी. सुईच्या वाटेवर एखादी पेशी क्वचित आढळते, पण स्तनाच्या कॅन्सरमध्ये त्यामुळे रुग्णांचे आयुष्य कमी होते असे दिसलेले नाही. आपोआप सडणाऱ्या गाठीतून जे रोज घडत असते त्यापुढे सुईचे नाव घेण्यात अर्थ नाही.

उपचार सुरू होईपर्यंत जखमेची काळजी घरीच घ्यावी लागेल. उकळून थंड केलेल्या पाण्यात मीठ घालून ती हळुवार धुवा. घासू नका, चिकटलेली पट्टी ओढून काढू नका, आधी ओली करा. मेलेल्या भागात प्राणवायूशिवाय जगणारे जंतू वाढतात, दुर्गंधी त्यांच्यामुळे येते. त्यासाठी मेट्रोनिडॅझोलचा जेल किंवा गोळीची पूड जखमेवर वापरतात, ती डॉक्टरांना विचारून घ्या. ठिबकत रक्त आले तर स्वच्छ कापड ठेवून दहा मिनिटे हाताने दाबून धरा. थांबले नाही किंवा धार लागली तर लगेच दवाखाना गाठा. वासामुळे आईंचे ताट वेगळे, खाट ओसरीत, असे काही घरात सुरू झाले असेल तर ते थांबवा. हा आजार शेजारी बसल्याने लागत नाही.

नागपूर किंवा सेवाग्रामला जाताना आधार कार्ड आणि रेशन कार्ड बरोबर असू द्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार समाविष्ट आहेत. केवळ अहवालाचा कागद नेऊ नका. जिथे बायोप्सी तपासली त्या प्रयोगशाळेकडून काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळा, ज्याला आम्ही ‘ब्लॉक’ म्हणतो, तोही मागून घ्या. पुढचे औषध ठरवण्यासाठी ईआर, पीआर (संप्रेरकांना दाद देणाऱ्या खुणा) आणि हर-२ (वाढीला चालना देणारे प्रथिन) या तपासण्या त्याच ठोकळ्यावर करायच्या असतात, आणि मेलेल्या भागावर त्या केल्या तर उत्तर भरवशाचे येत नाही. तिथल्या पॅथॉलॉजिस्टना ‘या ठोकळ्यात जिवंत भाग पुरेसा आहे का’ एवढे विचारा. नसेल तर गाठीच्या कडेचा दुसरा तुकडा ते पहिल्याच भेटीत घेतील, आणि तुमची एक चकर वाचेल.